हात दाखवून

मिठाचा खडा डाव्या तळहाताच्या घडीत अडकून राहिला होता, करंगळीच्या खाली, जिथे मूठ मिटली की दोन रेघा एकमेकींवर बसतात. आणि तो तिला दिसला याचाच अर्थ हात उघडे होते, वर वळलेले होते, म्हणजे तिने पुन्हा ते केलं होतं. बरणीतलं मीठ पिशवीत ओतलं, बरणीचं झाकण लावलं, दोन्ही तळवे एकदा हलकेच एकमेकांवर टेकवले, बोटं पसरली, हात उताणे, मग पालथे, पुन्हा उताणे. बघायला कुणी नव्हतं. वर पत्रा होता, पत्र्याखाली वासा, आणि वाशाला आईने टांगलेलं शिंकं, ज्यात कित्येक वर्षांत काही ठेवलेलं नव्हतं. किमयाने खडा नखाने काढला आणि कुठे टाकायचा ते न सुचून जिभेवर ठेवला.

मीठ वहिनीने मागवलं होतं. मालूवहिनी, सुशीलदादाची बायको. दादा धाटावच्या एका कंपनीत आहे, दोघं रोह्यात राहतात. काल निरोप आला होता: कैऱ्या आणल्यात, येशील तेव्हा आईंच्या बरणीतलं मीठ आण. रोह्यात मीठ मिळत नाही असं नाही. पण आई म्हणायची, पुडीतल्या मिठानं लोणचं मुकं होतं, आणि हे मीठ आईच्या शेवटच्या हंगामातलं. त्यानंतर बांध फुटला, खाडीचं पाणी आत शिरलं ते शिरलंच, मिठागराच्या जागी आता कांदळवन उभं आहे. किमयाने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला होता. 'येशील तेव्हा'... म्हणजे ती येणार असं वहिनीने धरलं होतं? की नुसती बोलायची पद्धत? आई गेल्याला महिना होऊन गेला होता, आणि त्या महिन्यात दादा तिच्याशी बोलला नव्हता, वहिनी बोलली ती कामापुरती. उद्या सुट्टी संपत होती, उद्या गोव्याची गाडी. म्हणजे जे काय ते आज. एक सांगायचं होतं आणि एक विचारायचं होतं. सांगायचं ते असं की, वहिनी, मी हात झटकले नव्हते. विचारायचं ते असं की, मी उठून गेल्यावर आईने काय केलं?

हात झटकले, हा शब्द दादाचा. बाराव्याला माणसं बसली होती, कुणीतरी विचारलं, शेवटी जवळ कोण होतं, तर दादा म्हणाला, "मालू होती. ही उठली. हात झटकून उठली." आवाज चढवला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही, पत्रावळीतला भात बोटाने सारखा करत म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता — हेच तर. तो दाराशी उभा होता आणि जे दिसलं ते त्याने सांगितलं. दुसऱ्या कुणालाही तेच दिसलं असतं.

गोव्यात ती ज्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटते, तिथे हे हात दाखवणं पहिल्या आठवड्यात शिकवतात, पत्ते पिसायच्याही आधी. टेबलावर आलात, हात दाखवा. टेबल सोडलंत, हात दाखवा. नाकाला खाज आली, कपाळावरचा केस मागे सारायचा झाला, तरी आधी हात दाखवा. छतात काळे गोल बसवलेले असतात, त्यांच्यामागे कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांच्याही मागे माणसं, जी डीलरांपैकी कुणी कधी पाहिलेली नसतात; बोटीवर त्यांना नुसतं 'वर' म्हणतात. वरून फोन आला. वर दिसलं. अंगातल्या कपड्यांना खिसे नसतात; दिसतात ते शिवून बंद केलेले. मनगटावर घड्याळ नाही, बांगडी नाही. खेळणाऱ्याच्या हातातून काही घ्यायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही. "सर, टेबलावर ठेवा." आणि हे सगळं इतक्या वेळा करायचं की आपण ते करतो आहोत हे आपल्याला कळेनासं व्हावं. इतरांना दिवस लागले. कुणी टाळीच वाजवायचं, कुणी नाचातल्यासारखे हात फिरवायचं, आणि शिकवणारा दार्जिलिंगकडचा माणूस कपाळाला हात लावायचा. किमयाला ते पहिल्याच दिवशी जमलं. तो थांबून बघत राहिला. "पहले कहीं काम किया है क्या?" नाही सर, ती म्हणाली. कुठून करणार? त्याआधी तिने पेणच्या कॉलेजात कॉमर्स केलं होतं आणि एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या होत्या.

पेण स्टेशनवर ऊन पत्र्यावरून उतरून फलाटाच्या कडेला आलं होतं. रोह्याची गाडी जवळजवळ रिकामी. ती खिडकीशी बसली, मिठाची पिशवी मांडीवर. गाडी हलली आणि समोरच्या बाकावरची बाई पदराने तोंड पुसता पुसता थांबली.

"किमया नव्हं तू? किस्नीची?"

पुतळीकाकू. खालच्या आळीतली, आईबरोबर मिठागरात होती. आईचं नाव कृष्णाबाई, पण किस्नी म्हणणाऱ्या आता दोघी-तिघीच उरल्या होत्या.

"व्हय काकू."

"कुटं, रोह्याला? आनि पिशवीत काय ता?"

"मीठ. वहिनीला."

"मीठ कुनी नेतं का गो पाव्हनचाराला?" काकूने हनुवटीला बोट लावलं. "भांडन व्हतं घरात. नेतेस तं ने, पन तिच्या हातात देव नको. खाली ठेव, मंग तिला उचलू दे."

"बरं."

"आनि तू अजून टपालातच ना?"

किमयाने मान हलवली. हा घोळ जुना होता. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, पोर गोव्याला पत्ते वाटते — आणि ऐकणाऱ्याने काय ऐकायचं ते ऐकावं. पुतळीकाकूने पोस्ट ऐकलं. निम्म्या गावाने पोस्ट ऐकलं. आईला तो घोळ कळत नव्हता, की कळत होता आणि तिने तो तसाच मांडून ठेवला होता, हे किमयाला कधी ठरवता आलं नाही.

"मंग माजं त्या पेन्शनीचं कागुद कवा यायचं? तुमच्यातलं कोन दाबून बसलाय, जरा बघ ना गो."

"बघते काकू."

"किस्नीला लय कवतुक तुजं. म्हनायची, हात लय साफ पोरीचा."

गाडीच्या आवाजात ते वाक्य जरा वेळ तिथेच राहिलं. हात साफ... आईने ते कुठल्या अर्थाने म्हटलं असेल? आईला बोटीबद्दल किमयाने सांगितलं होतं, खोटं एकही नाही आणि पूर्णही नाही. बोटीवर हॉटेल आहे, म्हणाली होती. लोक येतात, जेवतात, पत्ते खेळतात, मी पत्ते वाटते. आई तांदूळ निवडत होती.

"बोट कुटं जाते?"

"कुठं नाय. उभीच असते. मांडवीत नांगर टाकून."

"मंग मानसं चढतात कशाला?"

"खेळायला."

"आनि उतरतात कदी?"

किमया हसली होती. आई हसली नव्हती; खडा बाजूला काढून ठेवत म्हणाली होती, "आपल्याकडं गणपतीच्या जाग्रनाला खेळतात ना, तसं? चिंचोके लावून?" हो, तसंच, ती म्हणाली... आणि तसं नव्हतं. चिंचोक्यांचा खेळ पहाटे संपायचा, कारण पहाट दिसायची. कोंबडं आरवायचं, कुणाची तरी म्हातारी येऊन पत्ते गोळा करायची आणि चिंचोके पुन्हा मडक्यात जायचे. बोटीवर खिडक्या नाहीत. भिंतीवर घड्याळ नाही. सोलापूरकडचे एक गृहस्थ यायचे, पांढरा सदरा, खिशाला पेन, दर वेळी तेच विचारायचे, "बाळ, किती वाजले असतील?" आणि ती आपलं मोकळं मनगट दाखवायची, ते स्वतःशी हसायचे, आणि पुढचा डाव लावायचे. मोबाइल त्यांच्या खिशात असायचा. त्यांना वेळ नको असायची. कुणीतरी वेळ सांगावी असं हवं असायचं. हरलेला माणूस उठत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिंकलेलाही उठत नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. समोर चिप्सचे मनोरे झालेले असतात, आता उठला तर घरी सांगायला गोष्ट होईल — पण तो उठत नाही. कारण तो काही मिळवायला आलेलाच नसतो. पत्ता उलटायच्या आधीची जी एक जागा असते, जिथे अजून काहीच झालेलं नसतं, तिथे राहायला आलेला असतो. पत्ता उलटला की ती जागा जाते. मग पुढचा पत्ता.

आणि सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते जिंकणं नाही, हरणंही नाही, थोडक्यात हुकणं. हवी होती सत्ती, आली अठ्ठी. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत जी चमक येते ती जिंकलेल्याच्या डोळ्यांतही नसते. "बघितलंस? बघितलंस? आलाच होता." तो आलेला नसतो. अठ्ठीला सत्तीच्या शेजारचं घर ठाऊक नसतं. पण हे सांगायचं नसतं, सांगायचं तर एकच, "सर, पुढचा डाव."

त्या दुपारी मी आणखी थोडं थांबले असते तर...

"कासू आलं," पुतळीकाकू म्हणाली. तिला नागोठण्याला उतरायचं होतं, लेकीकडे, पण आतापासूनच तिने पिशव्या दाराशी न्यायला सुरुवात केली होती. कासूच्या पुढे खारजमिनीचा एक पांढुरका पट्टा खिडकीतून सरकला, त्यावर पाणी उभं, पाण्यात बगळे. किमयाने मान वळवली नाही, पण पाहिलं.

आई मिठागरातून यायची ती उन्हं कलल्यावर. आधी पायऱ्यांवर तिचे पाय दिसायचे, घोट्यापर्यंत पांढरे. किमया तेव्हा लहान, पायरीवर बसलेली असायची, आणि आईने पाय धुवायच्या आधीच विचारायची, काय आणलंस? आई दोन्ही हात पुढे करायची. बघ, काय नाय. हात उताणे, भेगांतून मीठ चकाकतंय. पालथे. पुन्हा उताणे. "मीठ हाय नुसतं. खातेस?" आणि किमया कधीच विश्वास ठेवायची नाही, उठून सरळ आईचा पदर धरायची, टोक चाचपायची, कमरेला खोचलेला भाग ओढून काढायची, आणि तिथे गाठ असायची. लिमलेटची गोळी. कधी दोन बोरं, कधी खोबऱ्याचा तुकडा. गोळीला वरून मिठाची चव असायची, आणि ती जाईपर्यंत चोखली की मग आतला गोडवा लागायचा. दादा म्हणायचा, आधी धू आणि खा. ती धुवायची नाही. काही दिवशी गाठ सापडायला वेळ लागायचा. आई हात तसेच पुढे धरून उभी राहायची, दमलेली असायची, पण घाई करायची नाही. एखाद्या दिवशी गाठ नसायचीच. तेव्हाही ती चाचपू द्यायची...

निडी गेलं. डब्यात आता ती एकटी होती. पिशवी मांडीवर ओलसर लागत होती. हवेतलं पाणी मिठाने ओढून घेतलं होतं.

ज्या टेबलावर ती उभी असायची तिथला खेळ साधा. एक पत्ता मध्ये उघडा ठेवायचा. मग एक पत्ता अंदर, एक बाहर, एक अंदर, एक बाहर, आणि मधल्या पत्त्याचा जोडीदार ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. खेळणाऱ्याला फक्त बाजू सांगायची असते. डोकं लागत नाही, म्हणून गर्दी तिथे. पत्ते टाकताना ती मनात म्हणायची, अंदर, बाहर. आवाज काढायचा नसतो, पण हाताला लय लागते. आईच्या शेवटच्या आठवड्यात, रोह्यातल्या त्या मागच्या खोलीत, खाटेशी बसून आईची छाती वरखाली होताना बघत असताना, तिला कळलं की आपण तेच म्हणतो आहोत. श्वास अंदर. श्वास बाहर. मध्ये थांबा. अंदर... तिने थांबवायचा प्रयत्न केला, देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण नाव त्या लयीत बसेना आणि हे बसत होतं. मग तिने ते चालू दिलं. एका दुपारी तिच्या मनात आलं की यात बाजू लावायला काही उरलेलंच नाही. शेवटचा नेहमी बाहरच असतो. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगायचं.

ती आणि वहिनी पाळीपाळीने बसायच्या. बोटीवरही पाळी असते. ठरलेला वेळ झाला की मागून दुसरा डीलर येतो, खांद्यावर हलकेच हात ठेवतो. तो हात पडला की हातातलं सोडायचं, हात दाखवायचे, आणि निघायचं. मागे वळून बघायचं नाही. खेळणाऱ्याचं पुढे काय झालं ते डीलरला कधीच कळत नाही, आणि काही दिवसांनी कळून घ्यावंसंही वाटत नाही. पण एक असतं: डाव चालू असताना खांद्यावर हात पडत नाही. जोडीदार पत्ता निघेपर्यंत मागचा माणूस थांबतो, कितीही पत्ते लागोत. वहिनीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. ती जेवण आटपून आली, तिने मागून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा गो, जरा पड. मी हाय."

आणि किमया उठली. दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर टेकवले. उताणे. पालथे. उताणे. वर पंखा होता.

आईचे डोळे उघडे होते.

डोळे उघडे होते, आणि हातांवर होते. हे तिला तेव्हा कळलं नाही. ती पुढच्या खोलीत जाऊन आडवी झाली, आणि वहिनीची हाक आली तेव्हा कळलं, धावत आत येताना, दारात दादाला धक्का लागला तेव्हा. स्मशानातून माणसं परतल्यावरही, डोळे पुसायच्या आधी, ओसरीवर सगळ्यांच्या देखत... हात आधी, मग चेहरा. दादा बघत होता. म्हणजे दोनदा झालं. बोटीवर लोक तिला पनवती म्हणायचे, तिच्या हाताला हरलेले. हिला हलवा, हिचा हात थंड आहे. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं, पत्त्यांना हात कळत नाहीत. पण आईला कळत होते. आईने काय पाहिलं? की लेकीने हात वर केले. आता माझ्याकडे काही नाही. माझं झालं.

महिनाभर किमया ती दुपार पुन्हा पुन्हा मांडत होती. खांद्यावर हात पडतो आणि ती उठत नाही. खांद्यावर हात पडतो, ती उठते पण हात पोटाशी धरून. खांद्यावर हात पडतो, ती म्हणते, वहिनी, थांब जरा... दर वेळी अगदी थोडक्यात हुकायचं. दर वेळी वाटायचं, आणखी एकदा.

रोह्याला उतरल्यावर कंपन्यांचा तो ओळखीचा वास, कुजक्या बदामासारखा, आणि कुंडलिकेवरून येणारी ओलसर हवा. घर चालत जाण्याइतकं जवळ. दार उघडंच होतं. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पुढ्यात परातीत कैऱ्यांच्या फोडी, बाजूला अडकित्त्यासारखी मोठी विळी.

"आलीस? हळू बोल, ह्यांची नाइट होती. आताच डोळा लागलाय." मधल्या खोलीचं दार ओढलेलं होतं. "पाणी घे. माठातलं घे, फ्रीजचं घसा धरतं."

किमयाने पाणी घेतलं. मग पिशवी वहिनीपुढे धरली.

"हातात नको, खाली ठेव."

सर, टेबलावर ठेवा. तिने पिशवी फरशीवर ठेवली. वहिनीने ती उचलली, गाठ सोडली, आत बोट घालून खडा दाताखाली धरला. "हे आईंचं. कळतं लगेच." आणि फोडींवर पसरायला लागली. किमया तिच्यासमोर बसली. फोडींना मीठ चोळू लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. कैरीच्या चिकाने बोटांच्या पेरांना चुरचुरत होतं.

"उद्या जातेस?"

"हो."

"डबा देते लोणच्याचा. मुरलं नसेल अजून, पण दे तिथं कुणाला कुणाला. पोस्टातल्या लोकांना." वहिनी ओठांच्या कोपऱ्यातून हसली. तिला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. "पुतळीकाकू भेटली का? तिनं मला फोन करून सांगितलं, पोरगी मीठ घेऊन चालली, सांभाळ."

किमया हसली, आणि ते हसू संपायच्या आत बोलून टाकावं असं तिला वाटलं. वहिनी, त्या दिवशी मी... मधल्या खोलीत खाट कुरकुरली. ती थांबली. दादा कुशीवर वळला असावा. किंवा जागा असावा. सांगायचं ते आधी की विचारायचं ते? सांगितलं तर वहिनी ऐकून घेईल, मान हलवेल, म्हणेल, जाऊ दे गो, आणि मग विचारायला जागा उरणार नाही. जोडीदार पत्ता अजून गठ्ठ्यात आहे. तो उलटला नाही तोवर दोन्ही बाजू आहेत. महिनाभर तिने याच जागेत काढला होता, हे तिला त्या परातीपाशी, चिकाने भरलेल्या हातांनी, एकदम कळलं. कुणीतरी वेळ सांगावी म्हणून.

"वहिनी," ती म्हणाली, "मी उठून गेल्यावर आई काही बोलली?"

वहिनीचा हात थांबला नाही. "बोलायचं कुठलं. बोलणं तर आधीच गेलं होतं."

"मग?"

"मग काय..." वहिनीने एक फोड उचलून बघितली, पुन्हा टाकली. "तू गेलीस ना, तर त्या जरा हुशारल्या. मला वाटलं, उठतात की काय. तोंड असं... हसल्यासारखं. आणि हात हलवायला लागल्या. माझा पदर धरला."

"पदर?"

"टोक चाचपत होत्या. मी म्हटलं, आई, पाणी देऊ का? तर नाय. पदर ओढतात आपल्या, बोटं फिरवतात. मला वाटलं, थंडी वाजते, पदर अंगावर घे म्हणतात. म्हणून घातला मी त्यांच्या अंगावर. तरी आपलं तेच." वहिनीने आणखी एक मूठ मीठ पसरलं. मग म्हणाली, "माणूस जाताना कायबाय करतं, किमया. त्याचं काय धरायचं नाय."

किमया फोडींकडे बघत होती. मिठाचे खडे विरघळू लागले होते, परातीच्या तळाशी पाणी जमत होतं.

"कुठल्या बाजूचं टोक?"

"म्हणजे?"

"खांद्यावरून खाली येतं ते, की कमरेला खोचलेलं?"

वहिनीने पहिल्यांदा मान वर केली. "आधी ते. मग कमरेचं. का गो?"

काही नाही, ती म्हणाली, किंवा म्हणाली नाही. पहले कहीं काम किया है क्या. नाही सर... पायरीवर बसून ती रोज ते शिकली होती, आणि तिला वाटत होतं की ते बोटीवरचं आहे, छतातल्या काळ्या गोलांसाठी आहे, आणि आईने तिच्या हातांकडे पाहिलं आणि... आईने ओळखलं. बघ, काय नाय. आणि आईने विश्वास ठेवला नाही. लेक लांबून आली आहे, हात दाखवते आहे, म्हणजे गाठ कुठेतरी असणारच... आणि पदर समोर होता तो वहिनीचा. वहिनीच्या पदराला गाठ नव्हती. माझ्याकडे तर पदरच नव्हता. आई किती वेळ चाचपत होती? सापडणार म्हणून चाचपत होती, की हळूहळू कळत गेलं तिला, की आज गाठ नाही? त्या दिवसांसारखं, जेव्हा नसायची... पण तेव्हा मी रडत नसे. आई थांबलेली असे, हात पुढे करून, मला शोधू देत. मी थांबले नाही. मी पुढच्या खोलीत जाऊन झोपले.

मधल्या खोलीचं दार उघडलं. दादा बनियनवर, डोळे तांबारलेले. त्याने माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायला, तिच्या हातांकडे पाहिलं. हात परातीत होते, मनगटापर्यंत मिठात.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"उद्याचं तिकीट हाय?"

"हाय."

तो उभा राहिला. काहीतरी आणखी विचारणार असं वाटलं, पण त्याने पेला उपडा घातला आणि आत गेला. दार मात्र त्याने पूर्ण ओढलं नाही. त्या फटीतून पंख्याचा आवाज येत राहिला. महिनाभर ज्याच्यासाठी वाक्यं जुळवली होती, ती वाक्यं आता तिच्याकडे होती आणि त्यांतलं एकही सांगायचं नव्हतं. दादाला सांगायचं तर गोळीपासून सांगावं लागलं असतं, आणि गोळी त्याला आठवत असेल. तोच म्हणायचा, आधी धू. सांगितलं तर त्याचा राग जाईल. आणि राग गेल्यावर त्याला जे दिसेल, गाठ शोधत राहिलेली आई, ते त्याने बघावं असं तिला वाटेना.

"झालं, पुरे," वहिनी म्हणाली. "हात धू जा. चीक उतायचा नाय तर."

किमया उठली. मोरीपाशी गेली, नळ सोडला, हात पाण्याखाली धरले. पेरांत मीठ झोंबलं. नळ बंद केला. हात टिपायला तिने ओढणी पुढे ओढली आणि ओला हात टोकापर्यंत गेला, सुती कापडाची शिवलेली कड, तिथे काही नव्हतं. तो परत वर आला, दुसऱ्या टोकाला गेला. वहिनी मागून विचारत होती, चहा टाकू का, साखर किती. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कापड हळूहळू सरकत होतं, घाई न करता, पुन्हा पहिल्या टोकापासून.